उजेडात ओढलेला रोल

एकदा एका छायाचित्रकाराची मुलगी स्वतःच्या वाढदिवशी काही केल्या हसेना. गोष्ट रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळातली आहे. हा गृहस्थ ज्या वृद्ध गुरूंकडे ही कला शिकला, त्यांच्याच स्टुडिओत तो दरवर्षी मुलीचा फोटो काढत असे. तेच स्टूल, तोच राखाडी पडदा, कपाळावर औक्षणाचं ताजं कुंकू. घरी भिंतीवर या फोटोंची ओळ लावलेली होती आणि आल्यागेल्याला ती दाखवल्याशिवाय तो चहा पुढे करत नसे. असतात अशी माणसं, तुम्हीआम्हीही त्यातलेच.

त्या वर्षी मुलीची आई वारली होती. औक्षण आत्याने केलं. तरी फोटो निघालाच पाहिजे, ओळ तुटता कामा नये, असा बापाचा हट्ट. दुःखात माणूस कशाला धरून बसेल, काही सांगता येत नाही.

वृंदा स्टुलावर बसली. तिने समोर पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

“वाढदिवशी रडू नये, बाळा. आज रडलीस तर वर्षभर रडत बसशील,” बाप म्हणाला. त्याने तिचे डोळे पुसले, चेहऱ्यावर पावडर फिरवली. पुन्हा तेच. त्याने चॉकलेटचं आमिष दाखवलं, विनवण्या केल्या आणि शेवटी आवाज चढवला. पोर घाबरली आणि हसली. त्याने पटापट फोटो घेतले.

इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले गुरुजी उठले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, मागचं झाकण उघडलं आणि आतला रोल सरसर उजेडात ओढून काढला. सगळे फोटो वाया गेले.

शिष्य थिजला. “गुरुजी, हे काय केलंत? तिचा हा वाढदिवस आता परत येणार आहे का?”

गुरुजींनी मुलीला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. मग ते शांतपणे म्हणाले, “तुझा डोळा नेहमी कॅमेऱ्याला, म्हणून तुला कधी दिसलं नाही. मला इथून दिसायचं. तुझ्या पाठीमागे तिची आई उभी राहायची आणि काहीतरी चाळे करायची. पोर हसायची ती आईकडे बघून. तुला वाटायचं, आपल्याच हाताला गुण आहे. आज ती त्याच रिकाम्या जागेकडे बघत होती, आणि तू तिला हस म्हणत होतास. हा फोटो त्या ओळीत लागला असता, तर चार वर्षांनी तूच पाहुण्यांना सांगितलं असतंस, आई गेली तरी आमची वृंदा कशी हसतमुख होती बघा. पुढे तिलाही तेच खरं वाटलं असतं. मग आईसाठी आलेलं हे रडू त्या पोरीने कुठे ठेवायचं, सांग.”

शिष्याला गुरुजींचा राग आला होता, तो हळूहळू स्वतःकडे वळला. थोड्या वेळाने तो बाहेर येऊन मुलीशेजारी बसला.

“वृंदा, आई माझ्यामागे उभी राहून काय करायची गं?”

बाबा रागावलेले तर नाहीत ना, हे मुलीने आधी नीट पाहून घेतलं. मग तिने गाल फुगवले, डोळे तिरळे केले आणि बोटाने नाकाचा शेंडा वर ओढला. इतकी वर्षं संसार करून बायकोचं हे तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. ते करून दाखवता दाखवताच मुलीचे ओठ थरथरू लागले आणि तिने बापाच्या कुशीत डोकं खुपसलं. या वेळी त्याने डोळे पुसले नाहीत, तिचेही नाहीत आणि स्वतःचेही नाहीत.

मुलांचे फोटो जरूर काढावेत. फक्त आपलं लेकरू कोणाकडे बघून हसतंय, हे एकदा मागे वळून पाहावं, तिथे कोणी उभं आहे तोवरच.