सुलताननं मालक ओळखला

इंदूताई खरातांच्या घरी रस्त्यावरून उचलून आणलेली डझनभर कुत्री नांदत होती. फुकटात एवढं कोण करतं, बाई कुत्री विकत असणार, असं गल्ली म्हणायची. इंदूताईही कमी संशयी नव्हत्या. दार वाजलं की आधी खिडकीतून बघायच्या.

त्या दिवशी दारात नगरसेवक दादासाहेब काळभोर होते आणि सोबत हवालदार.

"माझा सुलतान चोरलाय हिनं," दादासाहेब म्हणाले. "जातिवंत कुत्रं आहे."

ते कुत्रं इंदूताईंना दगडाच्या खाणीजवळ सापडलं होतं, गळ्यात तार रुतलेलं. आता अंगावर तेज आल्यावर बरा मालक उगवला, असं त्यांच्या मनात आलं. तोंडानं मात्र त्या म्हणाल्या, "तुमचं असेल तर न्या की. फक्त एकदा हाक मारा. मालकाचा आवाज कुत्रं विसरत नाही."

दादासाहेबांनी दणदणीत हाक मारली. बाकीची सगळी कुत्री शेपट्या हलवत पाहुण्यांकडे धावली. सुलतान तेवढा पोटावर सरपटत कॉटखाली शिरला आणि तिथंच मुतला.

"साहेब, हे तर तुम्हाला ओळखत नाही," हवालदार पुटपुटला.

"ओळखलं की, चांगलंच ओळखलं," इंदूताई म्हणाल्या. "त्याच्या गळ्यात तार कुणी आवळली, ते आता मालकांनाच विचारा."

दादासाहेब गडबडीनं म्हणाले, "छे, हे आमचं नव्हेच."

"हवालदारसाहेब, ऐकलंत ना?" असं म्हणून इंदूताईंनी दार लावलं. मग खिडकीतून गाडी गेल्याची खात्री केली आणि तेव्हा कुठं कॉटखाली वाकून सुलतानला हाक मारली. तो आला.