वालावरचा मावा

“मग मुंग्या मारायच्या नाहीत, तर करायचं तरी काय?” भास्करने विचारले.

दाजीबुवा चुलीतली राख घमेल्यात भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मारू नकोस असं मी म्हटलं का?”

“नाही. पण मठात मारणं म्हणजे...”

“मग झालं तर. मारायच्या नाहीत हे तूच ठरवलंस. पुढचंही ठरव.”

मी तेव्हा मठातल्या जुन्या पोथ्यांच्या नकला करायला तिथे राहिलो होतो, म्हणून हे सारे माझ्यासमोर घडले.

भास्कर हा बुवांचा शिष्य. नऊ वर्षे मठात होता. दर गुरुवारी त्याचे प्रवचन असे आणि ते चांगले होई, हे कबूल केले पाहिजे. गावातली अकरा माणसे त्याच्याकडूनच अनुग्रह घ्यायचा म्हणून अडून बसली होती. राहिली होती फक्त बुवांची परवानगी. ती त्याने दसऱ्याला मागितली, तेव्हा बुवांनी त्याच्या हातावर वालाचे मूठभर बी ठेवले.

“एवढा वाल सांभाळ. शेंगा आल्या की बोलू.”

इतके हलके काम दिले म्हणून भास्करला जरा अपमानच वाटला होता. पण पौषात ढगाळ हवा पडली आणि वेलाच्या शेंड्यांवर काळ्या माव्याची कीड चिकटली. पाने आक्रसली, फुले गळू लागली. मांडवाच्या चारी खांबांवरून मुंग्यांची ये-जा सुरू झाली. शेंगा नाहीत तर परवानगी नाही, हे त्याला कळत होते. चार दिवस त्याचे जेवणात लक्ष नव्हते.

“मी एक उपाय केलाय,” तो म्हणाला. “रोज सकाळी वेलाच्या बुडाशी साखर घालतो. खालीच गोड मिळालं तर मुंग्या वर कशाला जातील? गेल्या गुरुवारी यावरच बोललो. जो त्रास देतो, त्यालाच घास भरवायचा. वसंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.”

वसंतराव दुधाणे म्हणजे त्या अकरांतले पहिले. निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला फारसे लागत नसे.

“आणि मुंग्या?” बुवांनी विचारले.

“...वाढल्या.”

मागच्या दारात सोनाबाई भांडी घासत होत्या. मठाचा स्वयंपाक त्या करत.

“म्या पयल्याच दिशी सांगितलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “साखर टाकून मुंग्या जात्यात व्हय कुठं? सगळी भावकी घेऊन येत्यात.”

“सोनाबाई, तुम्ही भांडी बघा,” भास्कर म्हणाला. हसून म्हणाला, पण म्हणाला.

बुवांनी राखेचे घमेले त्याच्याकडे सरकवले.

“ही बुडाशी पसर. शेंड्यांवर पाणी मार, मावा धुऊन जाईल. बेताने मार, कोवळे शेंडे आहेत. निंबोळ्या कुटून भिजत घातल्यात, ते पाणी गाळून उद्या शिंपड. आणि चिंध्या एरंडेलात बुडवून चारी खांबांना गुंडाळ. चिकट लागलं की मुंगी मागं फिरते.”

“एवढंच?”

“साखर बंद.”

दोन दिवसांनी भास्कर पुन्हा आला.

“बुवा, सगळं केलं. चिंधीपाशी एक मुंगी नाही. तरी वर मुंग्या आहेतच!”

बुवा काठी टेकत मांडवाभोवती एक फेरी मारून आले आणि काठीनेच वर दाखवले. वेलाचा एक फाटा स्वयंपाकघराच्या कौलावर गेला होता. कौलावरून मुंग्या निवांत उतरत होत्या.

“हा तिकडं कुणी नेला?”

“मीच. दारावर हिरवी कमान बरी दिसते, असं मंडळी म्हणाली...”

भास्करने विळा आणून फाटा कापला.

पाच-सहा दिवस गेले. एका सकाळी तो धावतच ओसरीवर आला. इतका मोकळा आनंद मी त्याच्या तोंडावर प्रवचनातही पाहिला नव्हता.

“बुवा, भुंगेरे आलेत! तांबडे, पाठीवर काळे ठिपके असलेले. मावा खात सुटलेत नुसते. कुठून आले असतील?”

“आधीही येत होते.”

“मग दिसले कसे नाहीत?”

“मुंग्या टिकू देत नव्हत्या. चावून हाकलायच्या.”

“मुंग्यांना मावा एवढा प्यारा?”

“माव्याच्या अंगातून गोड पाझरतं. त्यावर त्या जगतात. ज्याचं गोड खायचं, त्याला राखायला नको?”

भास्करने मांडवाकडे पाहिले.

“पण बुवा, भुंगेऱ्याने मावा खाल्ला, ही हिंसाच ना?”

“तो जेवतोय. तू मध्ये पाट मांडू नकोस.”

माघ लागला आणि वाल शेंगांनी लगडला. भास्करने पहिली पाटी भरली आणि बुवांसमोर आणून ठेवली. वसंतराव बरोबर होते. आज परवानगी मिळणार, मग नारळ हवाच, म्हणून पिशवीत नारळही घेऊन आले होते.

बुवा शेंगा सोलायला बसले. मीही बसलो.

“शेंगा आल्या, बुवा.”

“आल्या खऱ्या. भरल्यात चांगल्या.”

“मग... परवानगी?”

बुवांनी दोन शेंगा सोलल्या.

“सोनाबाई हल्ली गुरुवारी दिसत नाहीत.”

“त्या मधेच बोलतात, बुवा. हे तुमचं सोताचं का कुठं वाचलेलं, असं भर सभेत विचारतात. ओघ तुटतो.”

“येऊ नका म्हणालास?”

“मी नाही म्हणालो. मंडळींनीच त्यांना सांगितलं, आत बसा म्हणून.”

“तू कुठं होतास?”

“...तिथंच.”

“मग?”

भास्करने हातातली शेंग पाटीत टाकली. त्याचे कान लाल झाले होते. त्याला मनापासून लाज वाटली, यात मला शंका नाही. मला त्याची कीव आली. नऊ वर्षे एका माणसाने एका शब्दाची वाट पाहावी आणि तो शब्द समोर असताना असे व्हावे.

बुवा आणि मी शेंगा सोलत राहिलो.

मग भास्करने मान वर केली. एक खोल श्वास घेतला. आवाज सावकाश भरत आला, गुरुवारी येतो तसा.

“कळलं, बुवा. ती मुंगी मीच. चार थेंब गोडासाठी नऊ वर्षं अहंकाराची राखण केली. आणि जो भुंगेरा त्याला खायला आला, नेमकं त्यालाच मी दारातून परतवलं!”

“वा!” वसंतराव म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवून दोन्ही हात जोडले. डोळे भरून आले होते. “वा, महाराज! काय बोललात!”

नको नको म्हणताना भास्करचा चेहरा जरासा उजळलाच.

बुवांनी पुढची शेंग उचलली.

“भास्कर,” ते म्हणाले, “एक मुंगी चढली बघ.”