कासवाच्या दारातला चिखल

फार जुन्या काळी एका तळ्याकाठी जनावरांची पंचायत बसत असे. म्हातारं कासव तिथं पंच होतं. वर्षानुवर्षं भांडणं ऐकून ते थकून गेलं होतं.

एकदा रानडुकरांनी कंदांसाठी तळ्यावरचा उतार खणायची परवानगी मागितली. कासवाचं घर नेमकं उताराच्या पायथ्याशी. खणलेली माती त्याच्याच दारात येणार होती. कासव नको म्हणणार, तेवढ्यात पंचांतली टिटवी हळूच म्हणाली, "आजोबा, तुमचं घर लागूनच आहे. या कामात तुम्ही मत द्यावं का?"

"खरं आहे, बाई," म्हणत कासव उठलं आणि बाहेर जाऊन बसलं. एका मतानं रानडुकरांना परवानगी मिळाली.

पावसाळ्यात सगळा उतार खाली आला. गाळ उपसता उपसता कासवीण म्हणाली, "तुमच्या एका मतानं हे अडलं असतं."

"अडलं असतं. पण मग उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

"आज त्या तोंडात चिखल जातोय, त्याचं काय?"

कासव गाळ उपसत राहिलं.

हिवाळ्यात सशांनी एका गवताळ माळावर वस्तीला जागा मागितली. माळाला लागूनच पंच कोल्ह्याची गुहा होती. पंचायत बसली. कोल्हा जागचा हलेना, आणि त्याला कुणी ऊठही म्हणेना. सगळे नुसते कासवाच्या अजूनही चिखलानं माखलेल्या पाठीकडे पाहत राहिले. शेवटी कोल्ह्यानंही तिकडे पाहिलं.

"तुम्हीच ठरवा काय ते," असं पुटपुटत तो उठला आणि बाहेर गेला.