फळीवरच्या चार खाचा

फार पूर्वी, म्हणजे मोठ्यांचं सगळं बरोबरच असायचं असं मोठेच सांगतात त्या काळी, एका गावाच्या डोक्यावर एक तळं होतं. तळ्याला बांध, बांधात लाकडी दार आणि दार उचलायला पाच चाकं. दार उचललं की जास्तीचं पाणी गावाबाहेरच्या ओढ्याला लागे. कुठलं चाक कधी आणि किती फिरवायचं ते एका जाडजूड पोथीत लिहिलं होतं. बांधावर ओल फार, म्हणून पोथीची सुटी पानं टेकडीवरच्या कोरड्या गुहेत ठेवलेली असत.

बांधावर एक छप्पर होतं. छपराखाली फळी, फळीला चार खाचा. लागेल ते पान गुहेतून आणून खाचेत उभं करायचं, काम झालं की परत नेऊन ठेवायचं. हे काम एका तरुण बाईकडे होतं. तिला सगळे पोथीवाली म्हणत. खाचेत उभं असेल तेच पान वाचायचं, असा गावाचा दंडक होता. हातात धरून नाही, पाठ म्हणून तर नाहीच. एकदा कुणीतरी पाठ म्हणून भलतंच चाक फिरवलं होतं आणि निम्मं शिवार वाहून गेलं होतं. तेव्हा दंडक शहाणाच होता.

पण त्यावर गावच्या तीन पंचांनी आपला एक दंडक चढवला. पहिल्या खाचेत थोरल्या पंचांच्या आजोबांची स्तुती. दुसऱ्या खाचेत मधल्यांच्या घराण्याला जत्रेत कितवा मान, ते. तिसऱ्या खाचेतलं पान कशाचं हे धाकट्यांना स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं, पण त्या दोघांचं आहे तर आपलंही हवं. ही पानं कुणी वाचत नसे. हलवायची मात्र नाहीत. उरली एक खाच.

एरवी दिवसाला एखादं पान लागायचं, त्यामुळे भागून जाई.

एका दुपारी वरच्या डोंगरात ढग फुटला आणि तळं चढू लागलं.  खालच्या आळीत पोथीवालीची बहीण त्याच सकाळी बाळंत झाली होती आणि बांधावरून सांडलेलं पाणी आधी त्याच आळीत शिरणार होतं.

चाकं फिरवणाऱ्या चाकवाल्याने चाळिसावं पान मागितलं. ती धावत जाऊन घेऊन आली. त्यात लिहिलं होतं, आधी दुसरं चाक. फेरे किती ते एक्याण्णवाव्या पानात पाहा. ती चाळिसावं घेऊन वर गेली, एक्याण्णवावं घेऊन खाली आली. त्यात पाणी बांधाच्या कितव्या पायरीला लागलंय त्याप्रमाणे फेरे होते, पण पुढचं चाक कुठलं ते चाळिसाव्यात. ती पुन्हा वर. टेकडीवरून तिला आळीतली सगळ्यात खालची घरं दिसायची आणि दर खेपेला ती पाण्यात थोडी बुटकी झालेली असायची. ती खाली पोचेपर्यंत पाणी आणखी एक पायरी चढलेलं असे आणि आधीचे फेरे अपुरे पडत.

तेवढ्यात घोंगड्या पांघरून पंच आले. त्यांच्या वेळच्या पोथीवाल्या कशा हरणासारख्या पळायच्या ते थोरल्यांनी सांगितलं. मधल्यांनी तोडगा काढला: आणखी एक चाकवाला लावा, काम दुप्पट होईल. दुसरा चाकवाला आला आणि त्याने एकशेदोनावं पान मागितलं. आता एका खाचेवर तीन पानांची ओढाताण. एकाचं आणलं की दुसऱ्याचं न्यावं लागे. पोथीवाली चढत होती, उतरत होती, दोघे चाकवाले मुठी वळून तिची वाट बघत उभे होते आणि चाक एकही हलत नव्हतं.

"पाय उचल पोरी," थोरले म्हणाले.

ती फळीसमोर थांबली.  तीन पानांवर बोटभर धूळ होती.

"आबा, हे शेवटचं कधी वाचलंत?"

"ते वाचायला नाही. असायला आहे."

"मग गुहेत असू दे," ती म्हणाली आणि तिन्ही पानं उपसली.

मागून काय काय बोललं गेलं ते तिने ऐकलं नाही. एका खेपेत तिन्ही वर ठेवली, हवी होती ती दोन्ही खाली आणली. चाळीस, एक्याण्णव आणि एकशेदोन शेजारी शेजारी उभी राहिली. चाकवाल्यांची नजर या पानावरून त्या पानावर आणि चाकं गरागरा. दार उचललं गेलं. पोथीवालीला धावायला काही उरलं नव्हतं. ती नुसती उभी राहून आळीकडे बघत राहिली.

बहिणीच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागलं आणि तिथेच थांबलं. पण त्याखालची दोन घरं आधीच गेली होती. त्यातल्या एकात अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती.

दुसऱ्या दिवशी पंचांनी सभा बोलावली. म्हातारीसाठी नव्हे. वडीलधाऱ्यांची पानं कुणाच्या परवानगीने हलवली, हा विषय.

"तुमची पानं गुहेत आहेत. कोरडी आहेत. एक अक्षरही पुसलेलं नाही," पोथीवाली म्हणाली. "म्हातारी कुठाय ते सांगा."

थोरल्यांनी खाकरून घसा साफ केला आणि जत्रेचा विषय काढला. पोथीवालीला कुणी शाबासकी दिली नाही, कुणी माफीही मागितली नाही. फळी मात्र त्या दिवसापासून मोकळीच राहिली. पानं परत आणायची तर टेकडी चढावी लागते आणि तिघांपैकी एकाचीही तेवढी तयारी नव्हती.

तात्पर्य, ज्याला झोंबेल त्याने आधी घ्यावं: हाताजवळची जागा थोडी असते, ती आत्ता चाललेल्या कामाची. मान दूर ठेवला तरी कमी होत नाही. पण जागा अडवून बसायचं आणि धावणाऱ्यालाच संथ म्हणायचं, याची किंमत तिसराच कुणीतरी देतो.