न मोडलेली घडी

एकदा एक बाई बाजारात कापड घ्यायला गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. तिच्या बाबतीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. ते कसे घडले, तेवढेच सांगायचे आहे.

बाईचे नाव सगुणा. घर नीटनेटके, हात कामसू. लग्नात माहेरहून आलेले शिवणयंत्र तिच्या घरात होते. त्यावर विणलेले आच्छादन असे आणि आच्छादनावर देवीची तसबीर. तसबीर हलवल्याशिवाय यंत्र उघडता येत नसे, आणि तसबीर फारशी हलत नसे.

सगुणा एक वही ठेवी. दर पाडव्याला त्या वहीत नवे पान उघडून ती वर्षाचा नेम लिही. उशांचे अभ्रे, दारांचे पडदे, लेकीचे परकर-पोलके, पुतण्याला सदरा. प्रत्येकाचे माप, प्रत्येकाला लागणारे कापड, सगळे सुवाच्य अक्षरात. मग दर बाजाराला ती व्यापाऱ्याच्या पेढीवर जाई आणि वहीबरहुकूम कापड आणी. आणलेले कापड दुकानाच्या घडीसकट लोखंडी पेटीत ठेवी. वर कडुनिंबाचा पाला पसरी. पुढचा पाडवा येई, नवे पान उघडे. पेटी भरली तेव्हा दुसरी पेटी आली.

शिवून मात्र काही होत नसे.

याला कारण होते. लेक कावेरी पाच वर्षांची असताना सगुणेने तिच्यासाठी पोलके कापले होते. नवे कापड, उत्साह मोठा. पोलके तयार झाले आणि कावेरीच्या अंगात घातले, तेव्हा कळले की दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या गेल्या आहेत. घरात त्या दिवशी पाहुणे होते. सासूबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "सगुणे, पोरीचा उजवा हात काय मामाकडे ठेवून आलीस?" सगळे हसले. सगुणाही हसली. पण त्या दिवसापासून तिने नव्या कापडाला कात्री लावली नाही. सासूबाई गेल्या, हसणारे पांगले, कावेरीचे लग्नही झाले. कात्री तशीच राहिली.

कावेरीला दिवस गेले, ती बाळंतपणाला माहेरी येणार हे ठरले, तेव्हा सगुणेने मनाशी प्रतिज्ञा केली. बाळाचे कपडे आपल्या हातचे. वहीत पान उघडले. पाच झबली, चार टोपडी, दोन दुपटी आणि बारशाला एक कुंची. कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची टोपीसारखी झूल. त्यांच्याकडे रीत अशी होती की पहिले काही दिवस बाळाला जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडात ठेवायचे. नवे कापड अंगाला लागायचे ते बारशाला. तेव्हा बारशाचा दिवस हीच तिची मुदत.

गावात एक वृद्ध शिंपी होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याने दुकान मुलाच्या हाती दिले होते आणि स्वतः अंगणात हौदाशेजारी बसून गोधड्यांना दोरे घालत असे. सगुणा त्याच्याकडे शिकायला जाऊ लागली. मास्तरने पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली, "कापड आधी पाण्यात घालायचं. भिजून, आटून, वाळलं की मगच कात्री." त्यानंतर तीन महिने तिच्याकडून जुन्या धोतरावर सरळ टीप घालून घेतली. मग त्याच धोतराचे झबले कापून घेतले. सगुणेचा हात चांगला होता. मास्तरने ते झबले उलटून पाहिले, आतली शिवण पाहिली आणि "हं" म्हटले. त्याच्याकडची ती मोठी शाबासकी.

"आता नवं कापड आण," तो म्हणाला.

सगुणा म्हणाली, "आणलंय, पण झबल्याला जरा जाड वाटतं. पुढच्या बाजारी बघते."

पुढच्या बाजारी तिने दुसरे आणले. ते फार विरळ निघाले. तिसऱ्याचा रंग जाईल असे तिला वाटले. मास्तर ऐकून घेई आणि दोरा ओवी. असे तीन महिने गेले आणि कावेरीला मुलगी झाली.

आठव्या दिवशी बाजार होता. सगुणा मास्तरकडे आली. "मास्तर, आज तुम्हीच चला. तुम्ही म्हणाल ते कापड घेते. चार दिवसांवर बारसं आलं, आणि माझ्या हातून अजून एक टाका नाही."

मास्तर उठला. काठी घेतली.

पेढीवर व्यापाऱ्याने दोन्ही हात पसरले. "या वहिनी! नात झाली म्हणे! आणि आज मास्तरांनाही घेऊन आलात? म्हणजे आज दुकान उचलून नेणार!" त्याने मलमल उलगडली, छीट उलगडली, फुलाफुलांचे तागे एकावर एक टाकले. "हे घ्या. नाही आवडलं तर घडी मोडू नका, म्हणजे झालं. वर्षाने आणा, दोन वर्षांनी आणा, बदलून देईन. माझा शब्द आहे."

मास्तरने विचारले, "आजवर बाईने किती वेळा बदलून नेलं?"

"एकदाही नाही!" व्यापारी हसला. "अशी गिऱ्हाइकं देवाने दहा द्यावीत."

मास्तर गादीवरून उठला. "चल बाई."

"पण मास्तर, कापड?"

"उद्या सकाळी घरातलं सगळं कापड घेऊन ये. चिंधीसुद्धा मागे ठेवू नको."

"सगळं? मास्तर, बारशाला चारच दिवस..."

"म्हणून तर उद्या म्हटलं."

व्यापारी मागून हाका मारीत राहिला. सगुणा रिकाम्या हाताने घरी आली. कावेरी बाळाला पाजत बसली होती. आईचा चेहरा पाहून ती म्हणाली, "आई, नाहीच झालं तर तयार आणू. सासूबाई आणणारच आहेत. तू जिवाला लावून घेऊ नको. मला काही वाटणार नाही."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. असता तर सगुणेला बरे वाटले असते.

सकाळी दिराने दोन्ही पेट्या हातगाडीवर घालून मास्तरच्या अंगणात आणून टाकल्या. मास्तरने झाकणे उघडली. सुकलेल्या कडुनिंबाचा आणि खळीचा वास सुटला. तो एकेक घडी उचलू लागला. घडी उचलायची, झटकून उलगडायची आणि पाण्यात टाकायची. पांढरी मलमल घंगाळात, रंगीत कापड हौदात. म्हातारा घाई करीत नव्हता आणि थांबतही नव्हता.

सगुणेने त्याचा हात धरला. "अहो मास्तर, हे काय करताय! ते कोरं आहे!"

"दिसतंय मला."

"सगळं एकदम कशाला? मला पाच झबल्यांपुरतंच लागतंय. बाकीचं आता कुणी परत घेणार नाही!"

"नाही घेणार," मास्तर म्हणाला आणि पुढची घडी झटकली.

पेटीच्या तळाशी अंजिरी खण होता. तो मास्तरने शेवटी उचलला. सगुणेने तो लगेच ओळखला. कावेरी आठ वर्षांची असताना तिनेच तो पेढीवर बोट दाखवून निवडला होता. त्याचा परकर शिवायचा होता. दोन वर्षे पोर विचारीत होती, "आई, माझा परकर कधी?" मग तिने विचारणे सोडले. वहीत पुढच्या पानांवर त्या परकराची मापे दर वर्षी बदलत गेली आणि एका वर्षी परकर वहीतून नाहीसा झाला.

खण पाण्यात गेला. थोड्या वेळाने मास्तरने तो दोन हातांनी वर काढला, तेव्हा तो अखंड वर आला नाही. जिथे जिथे घडी होती, तिथे तिथे तो विरला होता. चौदा वर्षे एकाच रेषेवर दुमडून पडलेले सूत पाण्याचा भार सोसू शकले नाही. चार उभ्या पट्ट्या मास्तरच्या हातात लोंबत राहिल्या.

सगुणा हौदाच्या कडेवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. मास्तरने तिला रडू दिले. पट्ट्या पिळल्या नाहीत, नुसत्या दोरीवर पसरल्या. मग समोर येऊन बसला.

"बाई, यातलं कोणतं कापड विरलं असेल ते मला माहीत नव्हतं. एखादं विरलं असेल एवढं माहीत होतं. तू म्हणतेस कापड जाड आहे, विरळ आहे. कापडाचा काही दोष नाही. पेढीवर कापड घेताना कुणी चुकत नाही, म्हणून तू पुन्हा पुन्हा पेढीवर जातेस. घडी मोडली नाही की वाटतं अजून काही बिघडलं नाही. आत काय होतं ते बघ, ते दोरीवर आहे. मी पहिल्यांदा कात्री धरली तेव्हा पाटलांच्या बंडीची पाठ आखूड कापली. बापाने मारलं, आणि त्याच दिवशी जोड लावायला शिकवलं. चुकलेल्या कापडाला जोड लावता येतो. पेटीतल्या कापडाला जोड कुठे लावणार? आता हे सगळं भिजलं. व्यापाऱ्याचा शब्द सुटला. कालपर्यंत हे त्याचं होतं, आता तुझं झालं. वाळलं की काप."

एवढे बोलून तो आपल्या गोधडीकडे वळला. इतके तो वर्षभरात बोलला नसेल.

ऊन चांगले होते. दुपारपर्यंत अंगणभर कापड वाळले. सगुणेने आधी मलमल घेतली. तिला झबल्याची सवय होती. दोन झबली कापून झाली. मग ती उठली आणि दोरीवरच्या अंजिरी पट्ट्यांपाशी गेली. मधले कापड चाचपून पाहिले. घडीची रेघ सोडली तर ते घट्ट होते, रंगही तोच. परकराला त्याचा काही उपयोग नव्हता. कुंचीला मात्र अरुंद तुकडे चालतात. ते जोडूनच ती होते.

तिने खडूने आखले आणि कात्री घेतली. दोन पट्ट्या नीट आल्या. तिसरी कापून तिने आधीच्या दोन पट्ट्यांना लावून पाहिली.

"मास्तर, आखूड झालं."

मास्तरने मान वर केली नाही. "किती?"

"दोन बोटं."

"मग खाली दोन बोटं काठ लाव."

सगुणा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. तिने सतरा वर्षे ज्याची धास्ती घेतली होती, ते एवढेच होते. तिने आधीच्या दोन पट्ट्या तिसरीएवढ्या केल्या, चौथ्या पट्टीतून काठ काढला आणि सुईत दोरा ओवला.

बारशाला पाच झबली झाली नाहीत. तीन झाली. टोपडी दोन, दुपटे एक, आणि कुंची. विहीणबाई दुकानातले झगमगते कपडे घेऊन आल्या होत्या. त्यांनी कुंची हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "बाकी सगळी उभी जोडलीय, मग खाली हा आडवा काठ कशाला हो लावलात?"

बायकांनी माना वळवल्या. सगुणेला त्या जुन्या दिवसाचे हसू ऐकू आल्यासारखे झाले. ती म्हणाली, "कापताना आखूड झाली विहीणबाई, म्हणून जोड दिला."

"असं होय," विहीणबाई म्हणाल्या. "शोभतोय पण." आणि त्यांनी कुंची कावेरीच्या हातात दिली.

कावेरीने बाळाच्या डोक्यावर कुंची ठेवली. तिचा अंगठा कापडावरून फिरला आणि थांबला.

"आई, हा माझ्या परकराचा खण."

"हो."

"मी निवडला होता."

"हो गं. उशीर झाला."

कावेरीने हनुवटीखाली बंद बांधले. सैल बांधले, पुन्हा सोडून नीट बांधले. "हिला पुरला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले. मला काही वाटणार नाही असे म्हणणाऱ्या लेकीला चौदा वर्षे काय वाटत होते, ते सगुणेला त्या घटकेला समजले. तिने लेकीला जवळ घेतले. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तिने देवीची तसबीर यंत्रावरून काढून भिंतीवर लावली.

ज्याच्या घरी अशी पेटी आहे, त्याने आज तिच्यातली एक तरी घडी मोडावी.