बाजारचा घोडा

एकदा एका तरुण वार्ताहराला स्वतःचेच शब्द हजारो तोंडांतून ऐकण्याचा योग आला. तुम्ही म्हणाल, केवढे भाग्य! त्याच्या मात्र तोंडचे पाणी पळाले होते.

घडले असे. त्या प्रांतात एका धनाढ्य शेटजींचा कबड्डीचा संघ होता. पैशाला तोटा नव्हता, तोटा होता तो धीराचा. स्पर्धा ऐन मध्यावर आलेली असताना संघ ओळीने हरू लागला. मग शेटजींनी आपल्याच मातीत वाढलेली दोन पोरे दुसऱ्या संघाला देऊन टाकली आणि त्या बदल्यात एक नावाजलेला, पण तिशी ओलांडलेला चढाईपटू आणला. बाळगोंडा त्याचे नाव. झाले, गावोगावी चर्चेला ऊत आला. आपल्या वार्ताहरानेही लेखणी परजली आणि लेखाला मथळा दिला, ‘बाजारचा घोडा’. लेख असा गाजला की पानपट्टीवर लोक तो मोठमोठ्याने वाचून दाखवू लागले. स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

हा वार्ताहर एका वृद्ध समालोचकाला गुरू मानीत असे. त्यांची हयात मैदानावर गेलेली. सारे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी लेख वाचून बाजूला ठेवला. एवढेच म्हणाले, "आजच्या सामन्याला माझ्याजवळ बस. पत्रकारांच्या मांडवात नको."

अण्णांचे टेबल मैदानाच्या रेषेला अगदी लागून होते. सामन्यापूर्वी बाळगोंडा तिथेच वाकला आणि त्याने माती कपाळाला लावली. त्याची बोटे थरथरत होती. वार्ताहराने ती हाताच्या अंतरावरून पाहिली आणि उगाचच नजर वळवली.

"आज जमलं नाही तर उद्या गाठोडं बांध, असं शेटजींनी बजावलंय त्याला," अण्णा हळूच म्हणाले. "या वयात दुसरं कोणी उभं करणार नाही रे त्याला."

आता कबड्डी म्हणजे दमाचा खेळ. चढाई करणाऱ्याने एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचे आणि ते पंचांना स्पष्ट ऐकू गेले पाहिजे. नाही ऐकू गेले, तर गडी बाद. बाळगोंडाने मध्यरेषा ओलांडली मात्र, चारी बाजूंनी आरोळी उठली, ‘बाजारचा घोडा! बाजारचा घोडा!’ पंचांनी कानाशी हात नेला, पुढे झुकले, आणि शेवटी शिट्टी फुंकली. कोणी हातही न लावता तो बाद झाला होता.

पुढे साथीदारांनी समोरचा एक गडी पकडून बाद केला, तेव्हा नियमाप्रमाणे बाळगोंडा पुन्हा आत आला. या खेपेस तो जिवाच्या आकांताने ओरडत चढाईला गेला. पण ओरडणाऱ्याचा दम लवकर सरतो, हे काय सांगायला हवे? समोर उरलेले सहा जण ते ओळखून गोलाकार सरकू लागले. आपण लिहिलेली अक्षरे एका माणसाचा श्वास कोंडत आहेत, आणि ती परत बोलावता येत नाहीत, हे वार्ताहराला लख्ख दिसले. तो पुरता भेदरला.

तेवढ्यात अण्णांनी एक विचित्र गोष्ट केली. समालोचन अर्ध्यावर सोडून त्यांनी ध्वनिक्षेपकाची वायर उपटली. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय, असे वार्ताहराला वाटले. कर्णे एकाएकी मुके झाले, काय झाले म्हणून लोक वळून पाहू लागले, आणि क्षणभर सारे मैदान गप्प झाले. त्या शांततेत एक कोरडा, फाटका आवाज तेवढा ऐकू येत होता, ‘कबड्डी... कबड्डी...’ घाबरलेल्या माणसाचा आवाज होता तो. रिकाम्या हातांनी का होईना, बाळगोंडा जीव घेऊन परतला.

लगेच गलका पुन्हा सुरू झाला. वायर हातात धरूनच अण्णांनी विचारले, "ही अदलाबदल चुकली का?"

"चुकलीच, अण्णा."

"मलाही तसंच वाटतं. मग बाजार मांडणाऱ्याचं नाव मथळ्यात का नाही?"

शेटजींची जाहिरात रोज वार्ताहराच्या वर्तमानपत्राचे शेवटचे पान व्यापून असे. त्याने मान खाली घातली. "भीती वाटली, अण्णा."

"वाटणारच. भीती वाटण्यात पाप नाही. पण तू ती स्वतःजवळ ठेवली नाहीस. ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्या गळ्यात बांधलीस. शेटजी बघ, खुर्चीत बसून शेंगा खाताहेत. तुझी भीती घेऊन मैदानात कोण उभा आहे, तेही बघ."

शेटजींचा संघ सामना हरला. त्यांनी बोटाने खूण करून बाळगोंडाला बोलावून घेतले.

वार्ताहर तडक कार्यालयात गेला. अदलाबदल कोणी केली, कोणाला न विचारता केली आणि हरल्यावर गाठोडे कोणाला बांधायला लावले, हे सारे त्याने लिहिले. शेवटी मथळा उरला. तिथे त्याने शेटजींचे पूर्ण नाव लिहिले. भीती काही गेली नव्हती. पण आता ती ज्याची त्याच्याजवळ होती.