धाकट्या पट्टीची कंबर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी तारीख पक्की आहे: चौदा जानेवारी. हवा कोरडी आणि गार होती. वसईच्या बस्त्याव मिस्त्रींकडे एकाच शिसवी फळीतून चिरलेल्या दोन पातळ पट्ट्या गिटारच्या कडा होणार होत्या. थोरली तापल्या नळीवर वाकून साच्यात जाऊन बसली होती. आता धाकटीची पाळी होती.

मिस्त्रींनी तिला ओल्या फडक्याने पुसून नळीवर टेकवले. धाकटीने अंग ताठ केले. "मी नाही वाकणार. झाडात होते तेव्हा वादळातसुद्धा सरळ उभी होते!"

"अगं, वादळात झाड चांगलं डोलत होतं. तू त्याच्या पोटात होतीस, तुला काय दिसणार?" नळी हसली. "नुसती टेक. ऊब आतपर्यंत जाऊ दे."

धाकटी आणखी ताठली. कर्र आवाज झाला आणि मिस्त्रींचे हात थबकले.

साच्यातून थोरली ओरडली, "ए शहाणे! जोडी एकाच फळीची लागते. तू मोडलीस की मीही चुलीत जाणार. एवढी सुबक कंबर काय भात शिजवायला केली मी?"

धाकटीला हसू फुटले आणि अंग सैल पडले. मिस्त्रींनी पुन्हा पाणी फिरवून तिला नळीवर हळूहळू मागेपुढे झुलवले. ऊब गाभ्यात पोचली तशी ती आपणहून झुकली.

"वादळात असंच वाटायचं की गं," ती पुटपुटली.

मिस्त्रींनी तिलाही थोरलीशेजारी साच्यात बसवले आणि दुसऱ्या दिवशी साचा उघडला. दोन्ही कडा तंतोतंत जुळल्या. धाकटीच्या कमरेला आतल्या बाजूने, त्या कर्र आवाजाची खूण म्हणून, केसाएवढी एक चीर होती.